हातात दोन-तीन लाख, सिबिल अर्धवट आणि नागपुरात प्रॉपर्टी घ्यायची आहे? मग हे वाचून घ्या

राजेहो, आधीच सांगून ठेवतो, मी बिल्डर नाही, दलाल नाही, वकील तर नाहीच. बुटीबोरीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. २०१४ मध्ये किस्तीच्या प्लॉटात १ लाख ६२ हजार घालवले, त्या नादात सिबिल (कर्ज कसं फेडलं त्याचा बँकेला दिसणारा स्कोर) बिघडवलं, पाच वर्षं ते सुधारण्यात गेली आणि २०२२ च्या डिसेंबरात एक जुना वन बीएचके घेतला जो आज भाड्यानं दिलेला आहे. एवढीच माझी इस्टेट. पण कँटीनमध्ये कोणी ना कोणी पोरगं प्लेटभर तर्री पोहे घेऊन समोर बसतं आणि विचारतं, "भाऊ, अडीच लाख जमलेत, प्लॉट घेऊ का?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

१. पैसे मोजा, आणि मोजताना स्वतःशी खोटं बोलू नका

सगळे फक्त डाउन पेमेंट धरतात. मीपण तेच केलं होतं. समजा १८ लाखांचा जुना फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या होम लोनमध्ये बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे तुमचे १ लाख ८० हजार लागतील असं वाटतं. पण स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत, ते खिशातूनच. नागपूर शहरात मेट्रोचा सेस वगैरे धरून ७ टक्के, म्हणजे १ लाख २६ हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, इथे १८ हजार. झाले ३ लाख २४ हजार. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीची ट्रान्सफर फी, रंगरंगोटी हे वेगळं.

आणि "देऊ शकते" म्हणजे देतेच असं नाही. बिल्डिंग जुनी असली की बँकेचा व्हॅल्युअर येतो, भिंतीवरची ओल बघतो, मान हलवतो आणि बँक ८० टक्क्यांवर थांबते. मला ८० च मिळाले. मग हिशोब होतो ३,६०,००० अधिक १,२६,००० अधिक १८,०००, म्हणजे ५ लाख ४ हजार. अडीच लाखांत हे बसत नाही हे आत्ताच समजलं तर बरं, कारण मग माणूस उरलेल्यासाठी पर्सनल लोन काढतो आणि दोन हप्त्यांत पिसला जातो. ते करू नका. वर्ष-दोन वर्षं थांबा, आरडी लावा, घरच्यांसोबत मिळून घ्या.

एक सवलत आहे, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी १ टक्क्यानं कमी लागते. आम्ही नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं म्हणून आम्हाला नाही मिळाली. कळलं तेव्हा बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही.

२. सिबिल: थांबायच्या काळात हेच काम करा

माझा स्कोर ६११ होता. दोन कारणं. एक, मित्राच्या बाइक लोनला जामीन राहिलो आणि त्यानं हप्ते चुकवले. दोन, प्लॉटची किस्त भरायला क्रेडिट कार्ड वापरलं आणि मग कार्डवाल्यांसोबत "सेटलमेंट" केलं. फोनवरचा माणूस इतका गोड बोलला, ४१ हजारांचे २२ हजारांत मिटवतो म्हणाला, मला वाटलं सुटलो. रिपोर्टमध्ये मात्र "सेटल्ड" असा शिक्का बसतो आणि होम लोनवाला तेच पहिलं पाहतो. "सेटल्ड" आणि "क्लोज्ड" मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे भाऊ. शेवटी उरलेले पैसे भरून नो ड्यूजचं पत्र घेतलं, तेव्हा कुठं तो शिक्का बदलला.

तुम्ही काय करायचं: आपल्या देशात चार ब्युरो आहेत, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढा. चुकीचं काही दिसलं तर ऑनलाइन तक्रार टाका, ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर रोजचे १०० रुपये भरपाई मिळायचा नियम आहे. स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर गेला की बँकवाला नीट बोलतो.

ज्यांनी कधीच लोन घेतलं नाही त्यांचा तर स्कोरच नसतो, आणि तेही बँकेला आवडत नाही. मग १५-२० हजारांची एफडी करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, महिन्याला किराणा-पेट्रोल एवढंच त्यावर करा आणि तारखेच्या आत पूर्ण बिल भरा, किमान रक्कम नाही, पूर्ण. बिघडलेला स्कोर सुधारायला मीपण असंच केलं. आणि जामीन कोणाला राहू नका. साळ्यालापण नाही.

३. तोपर्यंत काहीतरी करायचंच असेल तर रिट

हे थोडक्यात सांगतो. शेअरसारखी युनिट्स असतात, मोठ्या ऑफिस बिल्डिंगी आणि मॉल यांच्या भाड्यातला हिस्सा मिळतो. एम्बसी, माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, नेक्सस सिलेक्ट ही नावं शेअर बाजारात आहेत. २०२१ पासून एक युनिटसुद्धा घेता येतं, म्हणजे काहीशे रुपयांत काम होतं, आणि वाटण्याजोग्या रकमेतले किमान ९० टक्के वाटणं त्यांना बंधनकारक आहे. भाव खाली-वर होतो, गॅरंटी काही नाही. पण डीमॅट अकाउंट असेल तर महिन्याला हजार-दोन हजार टाकून भाडं म्हणजे काय चीज असते हे समजतं. गावाकडे सांगायला मजा येत नाही, ते सोडा.

४. किस्तीचा प्लॉट (इथे नीट वाचा)

कमी पैसेवाल्याला नागपुरात पहिली ऑफर हीच येते. "३० हजार भरा, प्लॉट बुक करा, बाकी ३६ किस्ती, बिनव्याजी, सिबिल नको, बँक नको." सिबिल नको हेच ऐकून आपण विरघळतो.

माझं असं झालं. रविवारी सकाळी त्यांची फुकट बस मेडिकल चौकातून निघाली, उमरेड रोडनं. बसमध्ये समोसा आणि पाण्याची बाटली. उतरलो तर माळरानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या, सिमेंटचे ठेंगणे खांब, त्यावर लाल रंगानं नंबर. माझा ४७. कॉर्नरचा. मंडपात टेबल होतं, कोणीतरी सारखं ओरडायचं "तेवीस नंबर बुक झाला, तेवीस बुक!" आणि लोक घाईघाईनं खिशात हात घालायचे, मीपण घातला. एक निळी डायरी दिली, महिन्याला किस्त भरली की तीत सही. दोन वर्षं भरली. रजिस्ट्री कधी म्हटलं की "एनए व्हायचं आहे, दोन महिने" (एनए म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेणं).

मग एकदा ऑगस्टमध्ये न सांगता गेलो. खांब गायब, रेघा गायब. जिथं ४७ नंबर होता तिथं गुडघाभर सोयाबीन उभं होतं. एक म्हातारे बाबा बांधावर बसले होते, त्यांना डायरी दाखवली तर त्यांनी ती उलटी-सुलटी पाहून परत दिली. "कोणता प्लॉट बाप्पा? हे तं आमचं वावर आहे. त्यायनं इसार देल्ला होता, बाकीचे पैसे देल्लेच नाही."

म्हणजे ज्यानं मला प्लॉट विकला त्याच्या नावावर जमीनच नव्हती. शेतकऱ्याला थोडा इसार देऊन बाकी आमच्या किस्तीतून फेडायचा प्लॅन होता आणि तो फसला. त्याचं ऑफिस आधी धंतोलीत होतं, मग सक्करदऱ्यात, मग फोनच बंद. आजही कोणी तसलीच डायरी दाखवली की मला सोयाबीनचा वास येतो.

मग किस्तीचा प्लॉट घ्यायचाच नाही का? घ्या, पण खालचं सगळं जुळलं तर, एक जरी नसलं तरी उठा. समोसा खाल्ला असला तरी उठा.

५. प्लॉटचे कागद, नागपूरच्या भाषेत

सातबारा: मौजा, खसरा नंबर आणि पटवारी हलका नंबर दलालाकडून लिहून घ्या आणि महाभूलेखवर स्वतः काढा. त्यानं दाखवलेली झेरॉक्स नको. विकणाऱ्याचं नाव त्यावर आहे का, इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा, कोर्टाची नोंद, बहिणीचा हिस्सा असं काही आहे का पाहा. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकताच येत नाही.

शेतजमिनीतला तुकडा: "गुंठ्यानं घेऊन ठेवा, पुढे एनए होईल" असं म्हणणारा भेटेलच. विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळकायदा लागू आहे आणि शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वरून तुकडेबंदीची भानगड. नको.

मंजुरी: जागेप्रमाणे मनपा, एनआयटी म्हणजे सुधार प्रन्यास, किंवा शहराबाहेर एनएमआरडीए म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. फक्त "एनएमआरडीए हद्दीत" असं ब्रोशरवर लिहिलेलं असतं ती मंजुरी नव्हे, शेकडो गावं आहेत त्यांच्या हद्दीत. मंजूर नकाशा मागा, त्यावर नंबर आणि तारीख असते, ती घेऊन ऑफिसात जाऊन विचारा. अर्धा दिवस सुट्टी जाईल, जाऊ द्या.

आरएल: नागपुरात आल्याआल्या कानावर पडणारा शब्द. लोक दोन वेगळ्या कागदांना आरएल म्हणतात. जुन्या अनधिकृत लेआउटात, ते ५७२ आणि १९०० वाले (लेआउटांच्या संख्येवरून पडलेली नावं), २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित केल्याचं पत्र म्हणजे आरएल. नव्या मंजूर लेआउटात रस्ते-नाल्या झाल्यावर प्लॉट विक्रीला मोकळे केल्याचं रिलीज लेटर, त्यालापण आरएल. कुठला आहे ते विचारा, आणि "डिमांड (म्हणजे ऑफिसनं मागितलेली फी) भरली आहे, आरएल येऊन राहिला" म्हणजे आरएल नाही असंच समजा.

लीज: एनआयटीचे आणि नझूलचे (शहरातली सरकारी जमीन) बरेच प्लॉट लीजचे असतात. वाईट नाहीत, पण लीज कधीपर्यंत आहे आणि ट्रान्सफरला परवानगी काय लागते हे आधी काढा.

महारेरा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण): ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा लेआउट किंवा ८ पेक्षा जास्त फ्लॅटची स्कीम असेल तर नोंदणी लागतेच. नागपूर जिल्ह्याचे जुने नंबर पी५०५ नं सुरू होतात. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापायचं बंधन आहे, तो तिथंच स्कॅन करा. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे, करारनामा रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. ही एक ओळ मला माहीत असती तर (महारेरा तेव्हा नव्हतंच, २०१७ मध्ये आलं, जाऊ द्या).

पाऊस: हा कागद नाही पण इथेच सांगतो. प्लॉट असो की फ्लॅट, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडून गेल्यावर तासाभरानं जाऊन पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं पाणी चढलं तेव्हा चांगल्या चांगल्या वस्त्यांत तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. ब्रोशरमध्ये नेहमी ऊन पडलेलं असतं.

६. मी शेवटी काय घेतलं आणि का

जुना, छोटा, रिसेल, रेडी फ्लॅट. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीन कारणं. रेडी आणि रिसेलवर जीएसटी नाही, तर बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के (४५ लाखांच्या आतल्या लहान घरांना १ टक्का). दुसरं, होम लोनवर बँकेचा वकील कागद तपासतो, म्हणजे आपल्यासोबत आणखी एक जोडी डोळे. तिसरं, भाडं पुढच्याच महिन्यापासून.

जागा कशी निवडली ते सांगतो. समृद्धी, मेट्रो, मिहान ही नावं ऐकवून बेसा-जामठ्यापुढं दलाल कुठलाही भाव सांगतात. मी उलटीकडून निघालो, भाडं कोण देतं इथून. हिंगणा एमआयडीसीचे कामगार, वानाडोंगरीकडच्या कॉलेजचे पोरं, मेडिकलच्या नर्सेस, एम्सकडचा स्टाफ. दोन रविवार हिंगणा रोडला स्कूटीवर फिरलो, प्रत्येक चौकात एक टपरी, एक किराणा दुकान, एक इस्त्रीवाला, तिघांनाही एकच प्रश्न, "इथं वन बीएचके कितीला जाते आणि किती दिवस रिकामी राहते?" इस्त्रीवाल्याचं उत्तर सगळ्यात खरं निघतं, त्याला कोणत्या फ्लॅटचे कपडे बंद झाले ते माहीत असते.

आता आकडे. १८ लाखांचा फ्लॅट, १४ लाख ४० हजार लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता १२,५०० च्या जवळ. भाडं ८,०००. मेंटेनन्स आणि मनपाचा टॅक्स माझ्याकडे. म्हणजे दरमहा पाच-साडेपाच हजार मी खिशातून घालतो. "भाड्यातून हप्ता निघतो" असं जो सांगेल त्याला त्याचं पासबुक मागा. हा फरक दर महिन्याला झेपत नसेल तर सध्या घेऊ नका.

दोघा भावांत किंवा मित्रांत घेत असाल तर कोणाचे किती, विकायचं कधी, एकाला पैसे लागले तर काय, हे ५०० च्या स्टॅम्पवर लिहून ठेवा. भावासोबतपण. विशेषतः भावासोबत.

७. इसार ते रजिस्ट्री

फ्लॅट पसंत पडला की मालक बयाणा मागतो. चेकनं किंवा ऑनलाइन द्या. प्रॉपर्टीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, आणि तुमच्याकडे पुरावा राहत नाही ते वेगळंच. इसारचिठ्ठीत एक वाक्य टाकायला लावा: बँकेनं लोन नाकारलं तर इसार परत. माझ्या मालकाला ते आवडलं नव्हतं, दोन दिवस रुसला, मग केली सही.

मालकाकडून घ्यायचे कागद:
- आधीच्या सगळ्या विक्रीपत्रांची साखळी, शेवटचं ओरिजिनल डोळ्यांनी बघायचं (नाही म्हणाला तर बहुतेक बँकेत गहाण आहे)
- मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र
- सोसायटीची एनओसी. नागपुरात बऱ्याच बिल्डिंगींत सोसायटी नसते, १९७० च्या अपार्टमेंट कायद्यानं चालतात, तिथं डिक्लरेशन डीड
- मनपा टॅक्सची चालू पावती, महावितरणचं बिल, आखीव पत्रिका (शहरी जमिनीच्या मालकीचा उतारा)

स्वतःचे: पॅन, आधार, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोन वर्षांचे फॉर्म १६, फोटो.

सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) ३० वर्षांचा, तुमच्या वकिलाकडून, दलालानं सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे. त्याआधी इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सारांश) तुम्ही स्वतः नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर शोधू शकता. मी एक फ्लॅट असाच सोडला, सगळं छान होतं आणि इंडेक्समध्ये दिसलं की त्याच मालकानं आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्याला करारनामा करून दिला होता.

स्टॅम्प ड्युटी व्यवहाराच्या किमतीवर किंवा रेडी रेकनरवर (सरकारनं ठरवलेला भाव), जे जास्त असेल त्यावर लागते, म्हणून "स्वस्तात मिळाला" तरी रेकनर बघून ठेवा. रजिस्ट्रीच्या दिवशी दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधार, आणि डबा. सर्व्हर डाउन झाला की संध्याकाळ होते.

८. रजिस्ट्रीनंतर

लोक इथं थांबतात. मनपाच्या टॅक्सवर, लाइट बिलावर आणि आखीव पत्रिकेवर नाव चढवा, एक महिन्यात.

भाडेकरू ठेवताना लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) रजिस्टर करावंच लागतं, ती जबाबदारी घरमालकाची आहे, घरबसल्या ऑनलाइन होतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या. डिपॉझिट दोन महिन्यांचं तरी.

विकायची घाई करू नका. दोन वर्षांच्या वर ठेवलं तर नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स, आधी विकलं तर तो नफा तुमच्या स्लॅबमध्ये जातो.

आणि भाड्यातले थोडे बाजूला ठेवा. माझं पहिलं भाडं ५ तारखेला आलं, ८,०००, मी बायकोला स्क्रीनशॉट पाठवला. ९ तारखेला भाडेकरूचा फोन, "दादा, बाथरूमचा नळ तुटला, खालच्या काकूंकडे पाणी टपकून राहिलं." प्लंबर १,४०० घेऊन गेला आणि काकूंच्या छताला पुट्टी मारून द्यावी लागली ती वेगळी.